आमची वाटचाल: दुसरा मजला, सहावा मजला आणि आम्ही

मुलगा कधीचा मागे लागलाय की बाबा फर्मबद्दल लिहा, सगळे लिहितात. सगळे काय लिहितात ते मी वाचलंय, छोट्या रोपट्याचा वटवृक्ष झाला वगैरे. आमचा काही वटवृक्ष झालेला नाही. १९९४ ला दादरला प्लाझाच्या मागे पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या, आजही दोनच आहेत, फक्त एसी लागलाय. पण कंपन्यांच्या एचआर आणि लीगल यांच्या मधलं जे काम आम्ही केलं ते मुंबईत धड करणारे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि त्याचं नाव दुसऱ्याच माणसाचं झालं, ते कसं ते एकदा लिहून ठेवायचंय.

आपल्या लाइनीबाहेरचेही वाचतील म्हणून एवढं सांगतो, चार्जशीट म्हणजे कामगाराला कंपनी देते ते आरोपपत्र आणि डोमेस्टिक एन्क्वायरी म्हणजे त्यावर कंपनीतच होणारी चौकशी. कुठल्याही बऱ्यापैकी कंपनीत एचआर दुसऱ्या मजल्यावर असतं आणि लीगल सहाव्यावर, एमडीच्या केबिनच्या जवळ. एचआरला प्रकरण आज संध्याकाळपर्यंत मिटवायचं असतं, लीगलला ते दहा वर्षांनी कोर्टात कसं दिसेल याची चिंता असते, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्याला कळत नाही. त्यात अजून एक गंमत, इनहाउस वकील हा पूर्णवेळ पगारी नोकर, म्हणजे बार कौन्सिलच्या ४९ नंबरच्या नियमाप्रमाणे त्याला प्रॅक्टिस करता येत नाही, कोर्टात उभं राहता येत नाही. आणि कन्सिलिएशनला, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यासमोरच्या समेटाच्या बैठकीला, तर आयडी (औद्योगिक विवाद) अ‍ॅक्टच्या कलम ३६ मुळे वकीलच चालत नव्हता, तिथे एचआरवाल्यालाच जावं लागायचं. मग सहाव्या मजल्याने जे लिहिलंय ते दुसऱ्या मजल्याच्या तोंडी कोण घालणार? तिथे आम्ही. चार्जशीट ड्राफ्ट करणं, डोमेस्टिक एन्क्वायरी चालवणं, वांद्र्याच्या इंडस्ट्रियल कोर्टातल्या वकिलाला फाइल लावून देणं, हा आमचा धंदा.

सुरुवात मी आणि काकांनी केली. काका म्हणजे नात्यातले कोणी नाहीत, परळच्या एका मिलमध्ये लेबर ऑफिसर होते, १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा गेटवर उभे होते आणि मिल संपली तेव्हाही गेटवरच. मी भांडुपला एका इंजिनिअरिंग कंपनीत पर्सोनेल ऑफिसर होतो, तिथे व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती आली. (तेव्हा एचआर म्हणत नव्हते, पर्सोनेलच म्हणायचे आणि कामगार आम्हाला टाइम ऑफिसवाला म्हणायचे.) काकांकडे गोदरेजचा मराठी टाइपरायटर होता, मिलच्या लिलावात घेतलेला, त्याचा 'र्‍या' नीट उमटायचा नाही म्हणून काका तो नंतर पेनने दुरुस्त करायचे. आमच्या जुन्या चार्जशीट बघा, प्रत्येक 'र्‍या' निळा आहे. पुढे कॉम्प्युटर आला, मराठी टायपिंगची श्रीलिपी आली, पण मराठी चार्जशीट काकांनी शेवटपर्यंत हाताने लिहूनच टायपिंगला दिली.

मराठी का, तर स्टँडिंग ऑर्डर्सचा, म्हणजे कंपनीतल्या नोकरीच्या आणि शिस्तीच्या नियमांचा, १९४६ चा कायदाच सांगायचा की बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत त्या गेटजवळ लावा. मग चार्जशीट 'नॉटविथस्टँडिंग' घालून इंग्रजीत द्यायची आणि त्यावर कामगाराची सही घ्यायची हे कुठलं शहाणपण? लीगलवाल्यांना हे पटवायला काकांना फार बोलावं लागायचं.

आता आमच्या मॅडमबद्दल. भांडुपच्या एका कंपनीत त्या ज्युनियर होत्या तेव्हापासून आमच्या क्लायंट, पुढे एचआर हेड होऊन रिटायर झाल्या. त्यांच्याकडची पहिली केस शिवीगाळीची, दुसऱ्या पाळीत पॅकिंग लाइनवर एका ऑपरेटरने सुपरवायझरला आईवरून शिव्या दिल्या. मॅडमनी ड्राफ्टमध्ये लिहिलं 'असभ्य भाषा वापरली'. काका म्हणाले नाही चालणार, कुठले शब्द ते लिहा, नाहीतर तो माणूस उत्तर कशाचं देणार, आरोप मोघम म्हणून एन्क्वायरी उडेल. मॅडम म्हणाल्या पहिलं अक्षर आणि पुढे टिंबं टाकूया. तेवढ्यात त्यांच्या लीगलचा तरुण मुलगा वरून खाली आला होता, तो म्हणाला काका बरोबर आहेत, टिंबं कोर्टात वाचता येत नाहीत. आमच्याकडची टायपिस्ट म्हणाली मी हे टाइप करणार नाही. मग काकांनी स्वतः बसून, दाराला कडी लावून, शिवी जशीच्या तशी, तारीख, वेळ, मशीन नंबर, कोण कुठे उभं होतं सगळं टाइप केलं, वर स्टँडिंग ऑर्डर्समधली गैरवर्तनाची कलमं २४(के) आणि २४(एल) दोन्ही लावली, आणि खाली लिहिलं 'असा तुमच्यावर आरोप आहे'. 'तुम्ही असे केले आहे' असं नाही, कारण तसं लिहिलं की मॅनेजमेंटने आधीच ठरवून टाकलंय असं होतं.

त्या दिवशी मॅडमनी एक पद्धत सुरू केली. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या ऑफिस कॉपीवर डाव्या मार्जिनमध्ये तीन छोट्या सह्या: एचआरची, लीगलची, आमची. तिन्ही झाल्याशिवाय जावक क्लार्क नंबर टाकणार नाही, एमडीचा फोन आला तरी. आणि सही करायला कागद मजल्या-मजल्यावर फिरवायचा नाही, तिघांनी एका टेबलावर बसायचं, चहा मॅडमकडून. ऐकायला काहीच नाही, पण जोपर्यंत आम्ही ते बघतो तोपर्यंत त्या कंपनीची एकही एन्क्वायरी कोर्टाने बाजूला ठेवली नाही.

काम वाढलं, माणसं ठेवली. त्यात एक मुलगा होता, एन्क्वायरीचं प्रोसिडिंग लिहायला घेतलेला, हुशार, अक्षर चांगलं, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. तो तीन-चार वर्षांत गेला आणि लोअर परळला काचेच्या बिल्डिंगमध्ये स्वतःचं 'सोल्युशन्स' उघडलं. जाऊ दे, मुलं जातातच, मीही नोकरी सोडूनच आलो होतो.

२००९. अंधेरी एमआयडीसीतली एक कंपनी, नाव घेत नाही, आमचं निम्म्याच्या आसपास बिलिंग तिथून यायचं. एका कामगाराने सुपरवायझरवर हात टाकला, एन्क्वायरी आम्ही चालवली, त्याला डिफेन्स रिप्रेझेंटेटिव्ह दिला, सगळे साक्षीदार झाले, सस्पेन्शन अलाउन्स, म्हणजे निलंबन भत्ता, पहिले नव्वद दिवस ५० टक्के आणि पुढे ७५ टक्के वेळेवर गेला, फाइंडिंग आलं, आरोप सिद्ध. इथपर्यंत बोट ठेवायला जागा नव्हती. पण त्याच वेळी युनियनच्या चार्टर ऑफ डिमांड्सचा, म्हणजे मागण्यांचा, वाद ट्रिब्युनलसमोर पेंडिंग होता. म्हणजे आयडी कायद्याचं कलम ३३(२)(बी). डिसमिसल, म्हणजे बडतर्फी, द्यायचं तर त्याच वेळी एक महिन्याचा पगार हातात आणि त्याच वेळी अप्रूव्हलचा (मंजुरीचा) अर्ज ट्रिब्युनलमध्ये, तिन्ही गोष्टी एकाच व्यवहारात. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २००२ मध्ये जयपूरच्या बँकेच्या केसमध्ये स्पष्ट सांगून टाकलंय, हे केलं नाही तर डिसमिसल झालंच नाही असं धरायचं, माणूस नोकरीतच आहे.

आम्ही तसं दोन पानी नोट करून दिलं, एक कॉपी एचआरला, एक लीगलला. लीगल हेडने ते वाचून एचआरला मेल केली, मेलमध्ये एवढंच, अटॅचमेंट बघा. आणि एचआर हेड त्या आठवड्यात प्लांट हेडच्या प्रेशरखाली, ती अटॅचमेंट कोणी उघडली नाही, शुक्रवारी संध्याकाळी पत्र गेलं, चेक नाही, अर्ज नाही. आम्हाला सोमवारी कळलं, तेही युनियनच्या माणसाकडून, चहाच्या टपरीवर.

पुढे जे व्हायचं तेच झालं. माणूस मागच्या पगारासकट परत आला आणि गेटवर हार घालून त्याची मिरवणूक निघाली. आणि मग सुरू झालं खापर फोडणं. दुसरा मजला म्हणतो लीगलने क्लियर केलं होतं, सहावा मजला म्हणतो आम्हाला फायनल पत्र दाखवलंच नाही, आणि मीटिंगमध्ये दोघांचं एकमत झालं ते एकाच गोष्टीवर, की चूक कन्सल्टंटची. त्या दोन डिपार्टमेंटमध्ये मी इतकं सहकार्य त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

काकांनी जावक रजिस्टर उघडून ठेवलं. लांब, लाल पाठीचं, कापडी शिवणीचं, जसं मिलच्या टाइम ऑफिसात असायचं. त्यात नोट दिल्याची तारीख, वेळ, घेणाऱ्याची सही आणि दोन्ही डिपार्टमेंटचे गोल शिक्के. एचआर हेडने बघितलं आणि म्हणाला, "काका, रजिस्टर ठीक आहे हो, पण तुम्ही फॉलोअप करायला हवा होता." काका काही बोलले नाहीत, रजिस्टर बगलेत मारून बाहेर आले, आणि लिफ्ट आली तरी जिन्याने उतरले.

काम गेलं. कोणाकडे गेलं ते ओळखा, काचेच्या बिल्डिंगमध्ये. त्याने पहिल्याच मीटिंगला प्रेझेंटेशन दाखवलं, 'एचआर लीगल इंटिग्रेशन फ्रेमवर्क', एका स्लाइडवर तीन चौकोन आणि मध्ये बाण. ते तीन चौकोन म्हणजे मॅडमच्या तीन सह्या होत्या! चहासुद्धा होता बहुतेक कुठेतरी. आमची थकलेली बिलं कंपनीने रोखली, पण अकाउंट्सने बिलाची एन्ट्री टाकून झाली होती म्हणून इन्कम टॅक्सच्या कलम १९४जे खाली आमच्या नावाने टीडीएस मात्र भरला. म्हणजे पैसे नाहीत आणि इन्कम दिसतंय. आमचा सीए हसत होता, मला काही हसू आलं नाही. मुंबईतलं एचआरचं सर्कल छोटं आहे, कोणीतरी कोणाला तरी सांगतं की त्यांची एन्क्वायरी उडाली म्हणे. उडाली नव्हती हो, एन्क्वायरीला कोर्टाने हात पण लावला नव्हता, पण हे लिफ्टमध्ये किती जणांना सांगणार? ऑफिसातल्या दोन मुलांना जा म्हणावं लागलं, एका खोलीचं भाडं तुंबलं, बायकोच्या बांगड्या सोसायटीच्या पतपेढीत गेल्या.

तेव्हा मॅडमनी फोन केला. सहानुभूती वगैरे काही नाही, म्हणाल्या आमच्या तिन्ही प्लांटच्या पर्सनल फाइल्स ऑडिट करायच्यात, वर्षभराचं काम आहे, अ‍ॅडव्हान्स आज पाठवते. त्यावर आम्ही उभे राहिलो. काका त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत.

पुढची बरीच वर्षं सांगण्यासारखं काही नाही, काम चालू होतं. कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा पॉश कायदा आला तेव्हा जरा हालचाल झाली, कारण तिथे हे दोन मजले परत भांडायला लागले. एचआरला वाटायचं दोघांना बसवून मिटवून टाकू, लीगलला वाटायचं तक्रारीची चौकशी करणाऱ्या कमिटीचा रिपोर्ट आपण लिहावा. दोन्ही चूक. समेट फक्त तक्रार करणाऱ्या बाईने मागितला तरच, आणि त्यात पैशाचं सेटलमेंट चालत नाही, आणि कमिटीचा रिपोर्ट कमिटीचाच, तो नव्वद दिवसांत चौकशी संपवून दहा दिवसांत द्यायचा. लीगलने कमिटीला प्रोसिजर शिकवावी आणि मग खोलीतून बाहेर जावं. एका कंपनीत हे मी लीगल हेडला तोंडावर सांगितलं, ते काम पण गेलं, पण ते गेल्याचं काही वाटलं नाही.

आता विषय निघालाच आहे तर नवीन मुलांना सांगतो, कोणी विचारलेलं नाही तरी. कामगाराने पत्र घेतलं नाही आणि 'घेण्यास नकार' शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका, तसंच बंद फाइलला लावा, कोर्टात जज समोर फोडू दे. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात गेली म्हणून पोचपावती सांभाळायची सवय सोडू नका, ट्रॅकिंगची प्रिंट त्याच दिवशी काढा, नंतर दिसत नाही. आणि एचआर-लीगलच्या आपसातल्या मेल जपून लिहा. ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की पगारी इनहाउस वकिलाला नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं, म्हणजे वकील-क्लायंटमधलं बोलणं गुप्त ठेवण्याचं, संरक्षण नाही, बाहेरच्या वकिलाला आहे तसं. म्हणजे 'याला काहीही करून काढा' असं जे मेलमध्ये लिहितात ना, ते उद्या बाहेर येऊ शकतं. बोलायचंय ते एका टेबलावर बसून बोला.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चारही लेबर कोड, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे, लागू झाले आणि तेव्हापासून परत फोन यायला लागलेत. स्टँडिंग ऑर्डर्सला आता तीनशे कामगारांची मर्यादा, आपल्याकडे महाराष्ट्रात पन्नासची होती, म्हणून छोटे मालक खूश आहेत. मी त्यांना सांगतो, स्टँडिंग ऑर्डर गेली तर गैरवर्तनाची यादी अपॉइंटमेंट लेटरमध्ये घाला, नाहीतर चार्जशीट कशाखाली देणार? फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सुटलेल्याचा शेवटचा पगाराचा हिशोब, दोन वर्किंग दिवसांत द्यायचंय, त्यासाठी तर एचआर, लीगल आणि अकाउंट्स तिघांना एकत्र बसावंच लागेल, मॅडमना हे कळवलं तर म्हणाल्या, बघा, आता चौथी सही आली.

त्या अंधेरीच्या कंपनीतून पण मेल आली मध्यंतरी, नवीन लीगल हेड आहेत, अपॉइंटमेंट लेटर नव्याने करून हवीत, आधी व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म भरा म्हणाले. फॉर्ममध्ये रकाना होता, यापूर्वी आमच्यासोबत काम केले आहे का. मी हो लिहिलं आणि पुढे २००९ च्या थकलेल्या बिलांचे नंबर तारखेसकट लिहिले, सोबत टीडीएस सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडली. मुलगा म्हणाला बाबा कशाला, काम जाईल. फॉर्मची ऑफिस कॉपी मी जावक रजिस्टरला चढवली आहे, पीओ, म्हणजे कामाची ऑर्डर, अजून आलेली नाही.