कच्चे मडके

ईश्वराचा प्रत्यक्ष अनुभव याच देहात येऊ शकतो का, असा प्रश्न वारकरी घरात निघाला की पहिले उदाहरण बहुधा संत नामदेवांचे दिले जाते. दामाशेटी आणि गोणाई यांचा हा मुलगा नैवेद्याचे ताट घेऊन राउळात गेला, देव जेवेना म्हणून त्याने डोके फोडून घ्यायची तयारी केली आणि विठ्ठल खरोखरच जेवला, ही कथा माझ्या आजीने मला इतक्या वेळा सांगितली होती की देव दिसतो, बोलतो आणि वाढलेले जेवतो याविषयी लहानपणी माझ्या मनात शंकाच नव्हती. त्याच नामदेवांची दुसरी कथा मात्र आजी क्वचितच सांगत असे, आणि वरील प्रश्नाचा खरा विचार त्या दुसऱ्या कथेत आहे असे मला आज वाटते.

ती कथा तेर येथील गोरोबाकाका कुंभारांच्या घरी घडते. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई आणि नामदेव असे सगळे तिथे जमलेले असताना मुक्ताबाईंनी कोपऱ्यातल्या थापटण्याकडे बोट दाखवून ते कशासाठी वापरतात असे विचारले. मडके कच्चे की पक्के हे याने कळते, असे काकांनी सांगितल्यावर त्या म्हणाल्या की, मग आम्हालाही पाहा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारायला सुरुवात केली. बाकीचे शांत बसून राहिले, नामदेवांना मात्र अपमान वाटला, आणि एवढेच मडके कच्चे असल्याचा निवाडा काकांनी दिला. नामदेव रडत पंढरपूरला परतले आणि त्यांनी विठ्ठलाकडे गाऱ्हाणे मांडले. तेव्हा देवाने त्यांची बाजू घेण्याऐवजी, गोरोबांचे म्हणणे खरे आहे, तू गुरू कर, असे सांगून त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवले.

या प्रसंगाचे धाडस आपल्या लक्षात येत नाही, कारण तो फार सवयीचा झाला आहे. ज्याच्याशी देव रोज बोलतो तो मनुष्य कच्चा, आणि ही गोष्ट सांगणाराही तोच देव. देवाचे दर्शन घडले म्हणजे सर्व मिळाले, असे ज्या परंपरेने सहज म्हणून टाकले असते, तिनेच आपल्या सर्वांत लाडक्या भक्ताला या कसोटीवर अपुरे ठरवले. दर्शन खोटे होते असे ती कुठेही म्हणत नाही. पण दर्शन घेणारा नामदेव आणि दर्शन देणारा विठ्ठल यांच्यामध्ये अजून नामदेवांचा मान उभा होता, आणि एका थापटण्याने तो दिसून आला.

पुढचा भाग औंढा नागनाथचा. विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले पाहून नामदेव संतापले. त्यावर म्हातारपणामुळे मला हलवत नाही, तेव्हा जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव, असे विसोबा म्हणाले. नामदेवांनी पाय उचलून जिथे जिथे ठेवले तिथे तिथे पिंडी उमटली. ही कथा अक्षरशः घडली की नाही, यावर वाद घालण्यात मला रस नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, नामदेवांना इथे नवा देव दिसत नाही. देव नाही अशी जागा दिसेनाशी होते. संस्कृतात या ज्ञानाला ‘अपरोक्ष’ म्हणतात. जे डोळ्यांआड नाही ते अपरोक्ष, असा नकारातून घडलेला हा शब्द आहे, आणि मिळवण्यापेक्षा आड येणारे दूर होण्यावर त्याचा भर आहे, म्हणून तो मला फार प्रामाणिक वाटतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आड येणारे सगळेच गेले, भक्तही वेगळा उरला नाही, तर अनुभव घेणार कोण? ‘अमृतानुभवा’त ज्ञानदेवांनी याला दिलेले उत्तर दृष्टान्ताचे आहे: एकच डोंगर कोरून त्यातूनच देव, देऊळ आणि देवाचा परिवार घडवता येतो, तर एकपणातच भक्तीचा व्यवहार का चालू नये? वेरूळचे कैलास लेणे पाहताना मला या ओवीची आठवण येते. तिथे नंदीही त्याच खडकाचा, खांबही त्याच खडकाचे आणि पिंडीभोवतीची भिंतही त्याच खडकाची.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे, आणि तो टाळणे मला योग्य वाटत नाही. उपवास, जागरण, तासन्‌तास चाललेला टाळ-मृदंगाचा गजर यांनी मन भारावते, आणि त्या अवस्थेत माणसाला काहीही दिसू शकते. हे मला मान्य आहे. म्हणूनच अनुभव किती उत्कट होता यावरून त्याची सत्यता ठरवू नये, असे मला वाटते, आणि गोरोबाकाकांचे थापटणे नेमके हेच करते: काय दिसले हे ते विचारत नाही, डोक्यावर मार बसल्यावर काय उमटते ते पाहते. नामदेवांच्या पुढील आयुष्यात ते उमटलेले दिसते. परंपरेप्रमाणे ते पंजाबात घुमानपर्यंत गेले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि त्यांतल्या एका पदात सर्व काही गोविंदच आहे, त्याच्यावाचून दुसरे कोणी नाही, असे ते सांगतात. राउळातला देव सोडून जाताना ज्याचा जीव तुटत असे, त्याने परक्या मुलखात, परक्या भाषेत हे म्हणावे, याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

आणि चोखोबांचे काय? त्यांना तर राउळात पाऊलही टाकू दिले जात नव्हते. मंगळवेढ्यात कुसू कोसळून ते गेले, तेव्हा नामदेवांनीच त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. ते दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. ईश्वराचा अनुभव गाभाऱ्यात जाण्यावरच अवलंबून असता, तर चोखोबांच्या अभंगांतली ती शांत खात्री आली कुठून? दार बंद ठेवणाऱ्यांना रोज दर्शन होत होते, हे मला विसरता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी पंढरपुरात अकरा तास रांगेत उभा होतो. पायांवर डोके ठेवायला जेमतेम दोन क्षण मिळाले. दगडाचा गारवा आणि तुळशीचा ओला वास, याखेरीज मला काहीही जाणवले नाही, आणि बाहेर आल्यावर मन खूप उदास झाले. वळसा घालून मी नामदेव पायरीशी आलो. त्या पायरीवर कोणी पाय देत नाही, ती ओलांडूनच लोक वर जातात. तिथे एक वृद्ध बाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाया पडत होती. वारकऱ्यांत ही रीतच आहे. तरी ती माझ्या पायांशी वाकली तेव्हा मी संकोचून मागे सरलो. तिने मान वर केली, ‘राहू द्या माऊली’ म्हणाली, माझ्या पावलांना हात लावलाच, आणि मी वाकेपर्यंत ती माझ्या मागे उभ्या असलेल्या फुगेवाल्याच्या पायांशी पोचली होती.