माईक यमुनेला द्या, यमूला नको

जुन्या कादंबरीतलं पात्र उचलायचं आणि त्याच्या हाती आजच्या सामाजिक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन द्यायचं, हा खेळ एकांकिकांपासून पॉडकास्टपर्यंत चालतो. मराठीत तो सुरू झाला की पहिलं नाव येतं यमूचं. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः आली, बालविवाह, वैधव्य, केशवपन, सगळं तिच्यात आहे. पण लिहायला बसलं की पाचव्या मिनिटाला गाडं अडतं. यमू सांगणारी आहे. अख्खी कादंबरी ती स्वतःची हकिकत सांगते. तिच्यासमोर पाहुणी बसवली की दोघी आपापलं दुःख मांडतात आणि विचारणारं कुणी उरत नाही. ‘श्यामची आई’मधल्या श्यामचंही तेच: बेचाळीस रात्री तो बोलतो, आश्रमातले मित्र ऐकतात.

सूत्रसंचालनासाठी हवी ती बाबा पदमनजींची यमुना. ‘यमुनापर्यटन’ आली १८५७ साली, विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाल्याच्या पुढच्याच वर्षी. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, वाटेत विधवा भेटतात, एकेकीची कहाणी कळत जाते. पुढे तिच्यावरही तीच वेळ येते. म्हणजे फिरती मालिका आधीच तयार आहे: गाव बदलतं, पाहुणी बदलते, ऐकणारी तीच.

पहिला भाग कुठे करायचा, यावर फार डोकं खाजवू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, सगळं थांबवायचं. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हेच आवाहन करणारं परिपत्रक काढलं. १८५६ चा कायदा आणि २०२२ चा ठराव यांच्यात १६६ वर्षं आहेत. यमुनेचा कार्यक्रम या फटीतच उभा राहतो. कायदा बदलला, उंबरठ्याच्या आत काय बदललं, एवढंच तिने विचारत राहायचं.

आता लिहिण्याकडे. आधी कागदावर तीन रकाने पाडा: कादंबरीत स्पष्ट आहे ते, कादंबरीवरून ताणता येतं ते, आणि आजचं. तिसऱ्या रकान्यात कायदे, ठराव, आकडे येतात. यमुनेला आजचं सगळं माहीत आहे असंच धरून चाला. मोबाईल बघून दचकणारी यमुना पहिल्यांदा हसवते, दुसऱ्यांदा कंटाळा आणते आणि तोवर तीन मिनिटं गेलेली असतात. जुनेपणा वस्तूंत नको, स्वभावात हवा: घाई नसणं, आधी घरच्यांची चौकशी करणं, उत्तर अर्धवट वाटलं तर गप्प बसून राहणं. भाषेचंही तसंच. एकोणिसाव्या शतकातलं लांब वाक्य तिच्या तोंडी घातलं की नट वाचतोय हे लगेच कळतं. संपूर्ण भागात जुन्या वळणाचे चार-पाच शब्द पुरे. समोरच्या बाईला ती ‘मॅडम’ म्हणणार नाही. वयाप्रमाणे ताई, काकू, आजी.

भाग पंचवीस मिनिटांचा ठेवा. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण ११० शब्द जातात, म्हणजे एकूण पावणेतीन हजार. त्यातले यमुनेच्या वाट्याला सहाशेच्या वर जाऊ देऊ नका. संहिता झाली की तिची वाक्यं वेगळ्या रंगाने रंगवा. एकाच पानावर सलग पाच ओळी तो रंग दिसला तर तिथे प्रवचन सुरू झालंय. हा दोष मूळ कादंबरीतही आहे. तिथे गोष्ट बाजूला राहते आणि उपदेश पुढे येतो, त्यामुळे पात्रासोबत ती खोडही येते. वेळेची वाटणी अशी जमते: दोन मिनिटं गाव आणि घर, बारा मिनिटं पाहुणी, सहा मिनिटं गावातलं दुसरं माणूस (सरपंच, आशाताई, सासू; सासू मिळाली तर उत्तमच), तीन मिनिटं कायद्याची माहिती, आणि शेवटची दोन मिनिटं मोकळी. ती मोकळी मिनिटं आयत्या वेळी पाहुणीच खाते, खाऊ द्यावीत.

सगळा कस लागतो तो पहिल्या प्रश्नात. नेहमी लिहिला जातो तो असा: “विधवांना आजही अन्याय सहन करावा लागतो, तुमच्या भावना काय आहेत?” याला उत्तर नसतं, नुसती मान हलते. त्याऐवजी:

“काकू, संक्रांतीला शेजारी हळदीकुंकू होतं ना? तुम्ही तेव्हा कुठं होता?”
“घरातच. दार लावून घेतलं होतं.”
“कडी घातली होती, की नुसतं लोटलं होतं?”
“...लोटलं होतं. म्हटलं, कुणी बोलवायला आलंच तर.”

कडीचा प्रश्न सुचतो तो वाटेवर माणसं ऐकत आलेल्या यमुनेला. इथे कायद्याचं कलम घुसवू नका, पुढची दहा सेकंदं शांत जाऊ द्या.

विषय बालविवाहाचा असेल तर आणखी काळजी लागते. २००६ च्या कायद्याप्रमाणे मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण हवेत. तक्रारीसाठी चाइल्डलाइन १०९८. हा आकडा शेवटच्या श्रेयनामावलीत पळवू नका, पडद्यावर किमान सात-आठ सेकंद स्थिर ठेवा आणि तोंडीही म्हणा. खरी मुलगी समोर असेल तर चेहरा, शाळा, गाव काहीच दाखवू नका. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडित मुलाची ओळख उघड करायला पॉक्सो, म्हणजे बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं कलम २३ मनाई करतं. नाव बदलतात पण पाठीमागे शाळेची पाटी दिसत राहते, ही चूक वारंवार होते.

विडंबनच करायचं असेल तर ‘पण लक्षात कोण घेतो?’मधल्या शंकरमामंजींना रात्री नऊच्या चर्चेचे अँकर करा. कुणालाही वाक्य पूर्ण करू न देणं आणि मध्येच धर्म बुडाला म्हणून ओरडणं, फार बदल करावा लागणार नाही. मात्र दीड मिनिटाच्या वर नेऊ नका; त्यानंतर विडंबन उरत नाही, नुसती चर्चा होते.

अण्णाभाऊ साठ्यांच्या कादंबरीतल्या फकिराला स्टुडिओत बसवू नये. विमुक्त जमातींवर (इंग्रजांनी गुन्हेगार ठरवून पोलिसांपुढे हजेरी लावायला भाग पाडलेल्या) कार्यक्रम असेल तर तो उभा हवा, पोलीस चौकीबाहेर, आणि कार्यक्रमाचं नाव ‘हजेरी’. फक्त एक अडचण: अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले आणि आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, पुढच्या वर्षारंभापासून मोजून. म्हणजे २०२९ संपेपर्यंत परवानगी घेतल्याशिवाय कादंबरीतले संवाद आणि प्रसंग उचलू नका. पदमनजी १९०६ साली गेले, हरिभाऊ १९१९ साली. यमुना आणि मामंजी दोघंही कधीचेच मोकळे आहेत.