एवढं पळून हृदयाला झेपतं का?

"चाळिशी उलटली, आता एवढं पळणं हृदयाला झेपतं का हो?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, तेराव्यालाही विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून क्लॅरेन्स डीमारबद्दल सांगतो.

हा अमेरिकन माणूस छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. कामावर जाणं-येणं पळतच. १९१० साली बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तो दुसरा आला. पुढच्या वर्षी शर्यतीआधी डॉक्टरांनी छाती तपासली. हृदयात मरमर, म्हणजे ठोक्यांसोबत येणारा जादाचा आवाज, ऐकू येतेय, दमलास तर थांब, असं बजावलं. हा कसला थांबतोय! विक्रमी वेळ देऊन पहिला आला.

पण १९१२च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकनंतर, १९१७ची बॉस्टन सोडली तर, दशकभर तो मोठ्या शर्यतींपासून लांबच राहिला. सगळं खापर डॉक्टरांवर फोडता येणार नाही. शिक्षण होतं, नोकरी होती, मधे महायुद्ध आलं. शिवाय स्वारी भारी धार्मिक. जिंकण्यासाठी पळणं देवाला रुचतं का, ही शंकाही होतीच. तरी पळणाऱ्याच्या ऐन उमेदीची ती वर्षं! मला त्यांचीच हळहळ वाटते.

तिशी उलटल्यावर गडी परतला आणि १९२२, १९२३, १९२४ अशी सलग तीन वर्षं बॉस्टन जिंकला. त्याच २४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य. मग पुन्हा १९२७, १९२८ आणि १९३०. शेवटच्या वेळी वय ४१. पळून सात वेळा बॉस्टन जिंकणारा दुसरा कुणी अजून झालेला नाही. स्वभाव मात्र तिरसट. वाटेत लुडबुड करणाऱ्या बघ्यांवर हात उगारायलाही कमी करायचा नाही.

१९५८ साली तो गेला, तो कॅन्सरने. शवविच्छेदनात काय दिसलं ते पॉल डडली व्हाइट या नामांकित हृदयतज्ज्ञाने सहकाऱ्यासोबत १९६१ साली लिहिलं: हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट रुंद! मात्र हे ऐकून लगेच बूट घालून निघू नका. त्या धमन्यांतही थोडाफार चरबीचा थर साचलेला होताच. आणि त्या पळून रुंद झाल्या की जन्मतःच तशा होत्या, हे एका माणसावरून कसं ठरवणार?

तेव्हा आधी तपासून घ्या. डॉक्टर "थांबा" म्हणालेच, तर कशामुळे आणि किती दिवस, हेही तिथंच विचारा. पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. डीमार १९५४ साली, पासष्टाव्या वर्षीसुद्धा बॉस्टन पळाला होता. ७८वा आला.