तुम्ही विचारलंत म्हणून : आधी कोरडे मोजा

"भाऊ, औंदा पोट्ट्यायले वॉटर पार्कले नेतो म्हणतो. कसं राहीन?"

एप्रिल लागला की हा प्रश्न चक्कीवर, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गाठतो मला. विचारणाऱ्यांचंही बरोबर आहे. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या आमच्या गावात माझी भाड्याची क्रूझर आहे आणि उन्हाळ्यात लग्नाच्या वऱ्हाडाखालोखाल ती नागपूरच्या आसपासच्या वॉटर पार्कांनाच जाते. सकाळी फाटकाशी माणसं उतरवायची आणि संध्याकाळपर्यंत पार्किंगमधल्या कडुनिंबाखाली बसायचं, हे माझं काम. त्यामुळे आतल्या घसरगुंड्या कशा आहेत ते मला विचारू नका. भर दुपारी वैतागून बाहेर येऊन गाडीत कोण बसतं, ते मात्र मी बिनचूक सांगतो.

आणि म्हणूनच माझं उत्तर असं की घरची लेकरं मोजू नका, घरचे कोरडे मोजा. लेकरांचं काय, ती मोटारपंपाच्या धारेखालीही दिवस काढतील. प्रश्न असतो तो पाण्यात न उतरणाऱ्यांचा. गुडघे धरलेले आबा. बीपीची गोळी घेणारी आजी. बाळंतपणाला माहेरी आलेली पोटुशी लेक. तान्हं असलेली धाकटी. आणि एक जण, ज्याच्याकडे सगळ्यांचे मोबाइल, चपला, पाकिटं आणि ओले टॉवेल येतात. हे पद कोणी मागून घेत नाही. ते आपोआप थोरल्या सुनेकडे जातं. दहात दोन-तीन कोरडे असले तर दिवस निभतो. निम्मे कोरडे निघत असतील तर तुम्ही सहल नाही, अर्ध्या घराला उन्हात बसवायचं तिकीट काढताय. बऱ्याच ठिकाणी पाण्यात न उतरणाऱ्यालाही तिकीट लागतंच.

गेल्या खेपेची एक आजी मला आठवते. नऊवारी लुगडं, हातात पिशवी. नातवांचं पाणी बघत काठावर बसली, पाय खाली सोडले, तर शिटी वाजली. साडीवर पाण्यात चालत नाही, पायही नाही. आजी सरळ बाहेर आली, माझ्या गाडीची मधली सीट धरली आणि म्हणाली, "पैसे तं पुरे घेतले ना बापा, अन् पाय भी ओले करू देत नाही." मग पिशवीतून कांदा-भाकर काढली, मलाही अर्धी दिली, आणि दोन्ही दारं उघडी टाकून झोपली. घरचे पाच वाजता हसत-खिदळत आले. "आजी, मजा आली ना?" असं नातवानं विचारल्यावर तिनं काय सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

कपड्यांचा नियम मात्र उगाच नाही. सुती कापड पाणी पितं, जड होतं, घसरगुंडीवर अडतं, आणि त्याचे धागे पाणी गाळायच्या यंत्रात जाऊन बसतात. म्हणून नायलॉन-लायक्रा. आता आपण कापसाच्या मुलखातली माणसं, सात पिढ्या त्याच पिकावर जगलो, आणि फाटकावर आपल्यालाच सांगतात की कॉटन चालणार नाही! पण चालत नाही तर नाही. तिथं भाड्यानं कपडे मिळतात, वर डिपॉझिट ठेवावं लागतं. त्यापेक्षा आठवडी बाजारातून पॉलिस्टरचे टी-शर्ट, हाफ पँटी आणि बायांसाठी लेगिंग घेऊन ठेवा, कामी येतात. कपड्यांना चेन आणि धातूची बटणं नकोत, घसरगुंडीला ओरखडे पडतात म्हणून अडवतात. जोडवी, पाटल्या, मंगळसूत्र घरी. लॉकर असतो, पण लॉकरच्या भरवशावर सोनं नेऊ नये.

इथं खरी गाठ कपड्यांची नसते, समोर कोण आहे त्याची असते. मामाजी आणि भासरे, म्हणजे सासरे आणि थोरले दीर, बघताहेत म्हटल्यावर डोक्यावरचा पदर न सोडणारी सून लेगिंग घालून पाण्यात उतरेल, असं तुम्ही धरून चालला असाल तर तुम्ही तिला विचारलेलं नाही. नवरा म्हणतो, "तिले पाणी आवडतच नाही." आवडत नाही की अवघडतं, ते घरी विचारून घ्या. तारीख ठरवतानाही आधी बायांना विचारा. पाळीच्या दिवसांत सगळा दिवस बाकड्यावर काढलेल्या मुलीला ती सहल जन्मभर लक्षात राहते, आणि चांगल्या अर्थानं नाही. हा मुद्दा माझा नाही, घरच्यांचा आहे. त्यांनी लिहायलाच सांगितला.

खर्चाचं म्हणाल तर तिकिटाचा दर वाराप्रमाणे बदलतो. निघायच्या आदल्या दिवशी फोन लावून विचारा. पण फाटकावरच्या पाटीवर दिसतो तो निम्माच खर्च. कपडे, लॉकर, ट्यूब, आतलं जेवण, आइस्क्रीम, वर माझं भाडं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, आणि भुकेल्या लेकराला आतल्या कँटीनचे भाव कळत नाहीत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. आठ-नऊ जणांचं कुटुंब रविवारी गेलं की संध्याकाळपर्यंत क्विंटलभर कापूस गेला समजा. जाऊ नये असं नाही म्हणत मी. वर्षभर राबून एक दिवस खर्चला तर कुणाच्या बापाचं जातं? फक्त आकडा माहीत असू द्या, म्हणजे परतीच्या वाटेवर गाडीत नवरा-बायकोचं लागत नाही. ते भांडण मला समोरच्या आरशात बघावं लागतं. शिदोरी तर आणाच. पुऱ्या, आलूची भाजी, ठेचा, पन्हं. फाटकात शिरण्याआधी गाडीपाशी पोटभर खाऊन आत गेलं की कँटीनचा निम्मा खर्च वाचतो.

लेकरांची उंची घरच्या दारावर पेन्सिलीनं मोजून ठेवा. मोठ्या घसरगुंड्यांपाशी उंचीची खूण असते. तेवढं भरलं नाही तर गार्ड वर सोडत नाही, आणि सोडूही नये. चुलतभाऊ वर गेला आणि आपण दोन बोटांनी राहिलो, हे दुःख दहा वर्षांच्या पोराला आइस्क्रीमनं विसरत नाही. निघतानाच सांगून ठेवलं तर तेवढं लागत नाही.

काही जण म्हणतात, एवढे पैसे घालण्यापेक्षा नदीवर जाऊ, वर्धा मायी आपलीच आहे. इथं मात्र मी पार्कवाल्यांच्या बाजूनं बोलतो. आपल्या नद्यांच्या पात्रात रेती उपसलेले खड्डे आहेत. वरून गुडघाभर दिसतं आणि पुढच्या पावलाला थांग लागत नाही. २०२१ च्या सप्टेंबरात वरुड तालुक्यात झुंज धबधब्याजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि नात्यागोत्यातली ११ माणसं गेली. दशक्रियेला आली होती. आमच्या भागात ते कोणी विसरलेलं नाही. पार्कमध्ये निदान तळ सपाट असतो, खोली लिहिलेली असते आणि काठावर शिटीवाला उभा असतो.

म्हणून तिथं डोळे मिटून बसायचं असंही नाही. सगळ्यात जास्त लक्ष वेव्ह पूलवर ठेवा. खोल टोकाच्या भिंतीमागून हवेच्या दाबानं पाणी ढकलून लाटा काढतात. काही वेळ लाटा, मग विसावा, मग पुन्हा. लाटा सुरू व्हायचा भोंगा झाला की चहूकडून माणसं धावत सुटतात आणि छोटी लेकरं पायांत येतात. आणि बुडणारं माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याखाली-वर होत असताना ओरडायला श्वास कुठून आणणार? चार हातांवर बुडणारं पोर शेजारच्याला खेळतंय असंच वाटतं. म्हणून लहान लेकराजवळ एक मोठं माणूस, हात लांबवला की लागेल इतक्या अंतरावर, आणि त्याच्या हातात मोबाइल नको. शिटीवाला एक असतो, डोकी शेकड्यांनी.

पाण्याच्या वासाबद्दलही फार विचारतात. नाकात जाणारा तो वास आला की आपण म्हणतो, औषध लय टाकलं. पार्किंगमध्ये दिवसभर मोबाइलच असतो सोबतीला, त्यात वाचलेलं सांगतो : क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिळून क्लोरामाइन नावाची रसायनं होतात, तो वास त्यांचा, आणि डोळेही त्यांच्यानंच चुरचुरतात. म्हणजे वास जितका उग्र तितकी माणसांनी जास्त घाण केली. शॉवरखाली अंग धुऊनच उतरा आणि लेकरांना दर तासाला लघवीला न्या. जुलाब लागलेलं लेकरू तर नेऊच नका, कितीही रडलं तरी. क्रिप्टोस्पोरिडियम म्हणून एक जंतू आहे, तो क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभर तग धरतो.

आता ऊन. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, आपल्याकडेही फार मागे नसतो, आणि वॉटर पार्कला गर्दी नेमकी तेव्हाच. पाण्यात असलो की घाम कळत नाही, तहान कळत नाही. पाठ मात्र करपत असते. घसरगुंडीच्या लोखंडी पायऱ्या आणि फरशी अनवाणी पायाला तव्यासारखी लागते. सकाळी फाटक उघडायच्या वेळीच आत शिरा, बारा ते चार सावली धरा, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा, आणि ऊन कलल्यावर पुन्हा उतरा. नवतपा, म्हणजे २५ मेपासूनचे नऊ दिवस, माझं ऐकाल तर टाळाच. रविवार तर टाळाच टाळा. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरत आला की उघडतात, पण शेतकऱ्याला ती सुट्टी कामाची नाही. मृग लागला की डोळे आभाळाकडे. एप्रिलच्या शेवटी परीक्षा आटोपल्या की मधल्या वारी निघालेलं सगळ्यात बरं.

मी पाहिलेल्यांत सगळ्यात सुखी मंडळी कोणती, असं कोणी विचारत नाही, तरी सांगतो. ती कुटुंबं नव्हती. आमच्या गावच्या बचत गटाच्या बाया होत्या. एका बुधवारी ठरवून निघाल्या, पुरुष एकही नाही, लेकरं घरी सासवांकडे. आणि गेल्या एसटीनं! मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यात दोन पंचाहत्तरी पार केलेल्या, त्यांना तर फुकट. घरची क्रूझर दारात उभी, आणि आमच्या मंडळी अर्ध्या तिकिटावर गेल्या. वर मलाच म्हणाल्या, "तुमचं भाडं परवडत नाही." संध्याकाळी बसस्टँडवर आणायला गेलो तर कुणाचाच आवाज धड निघत नव्हता. रेनडान्सखाली दोन तास नाचल्या म्हणे. वर्षानुवर्षं नवऱ्याच्या चपला राखणाऱ्या एकीनं त्या दिवशी सगळ्यात उंच घसरगुंडी केली, आणि पुन्हा जिना चढून दुसऱ्यांदा केली. त्या पार्टीत कोरडं कुणीच नव्हतं, पंचाहत्तरीच्या दोघीही ट्यूबमध्ये बसून लेझी रिव्हरमधून, म्हणजे संथ वाहत्या पाण्याच्या पाटातून, फिरून आल्या.

तुमच्या घरचे निम्मे कोरडे असतील तर मी सरळ रामटेक सांगतो. गडावर गाडी जाते, आजी-आबांचं दर्शन होतं, आणि खिंडसीच्या तलावात नावेत सगळे एकत्र बसतात. तान्ह्यासकट. दोन दिवस हाताशी असतील तर चिखलदरा. हजार मीटरच्या वरची हवा आहे, मे महिन्यातही रात्री अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटतं. फक्त धबधब्यांच्या आशेनं उन्हाळ्यात जाऊ नका, ते पावसाळ्याचे. लेकरं कुरकुरतील. त्यांना वेगळ्या दिवशी मामासोबत वॉटर पार्कला पाठवा. तरण्या मामासारखा ओला माणूस दुसरा नाही.

आणि एवढं सगळं मोजून जायचंच ठरलं, तर मला आठ दिवस आधी सांगा. मे महिन्यात लग्नाच्या तिथी दाट असतात, गाडी मोकळी मिळत नाही. निघताना सीटवर अंथरायला जुनी सतरंजी तेवढी आणा. ओल्या कपड्यांनी बसता तुम्ही, आणि वास माझ्या गाडीला आठवडाभर राहतो.