अ‍ॅडसेन्सचा पिन येईपर्यंत धीर कसा धरला: माझा अनुभव

नवीन मराठी ब्लॉग सुरू करून अॅडसेन्सच्या, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती दाखवून पैसे देणाऱ्या गुगलच्या सेवेच्या, पिनच्या (पत्ता पडताळणीच्या आकड्यांच्या) पत्राची वाट बघत बसलेल्यांसाठी हे लिहितोय. मला तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तर डोक्याचा बराच ताप वाचला असता.

माझा ब्लॉग द्राक्षबागेवर आहे, घर नाशिकच्या पंचवटीत, बाग जवळच मखमलाबादला. डोमेन, थीम, अप्रूव्हल यात काही अडलं नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणीवर (द्राक्षाच्या उन्हाळ्यातल्या छाटणीवर) लेख टाकले तेव्हा वाचणारे म्हणजे घरचे आणि चार मित्र. तरी लिहीत राहिलो, कारण बागायतदाराला एक गोष्ट पक्की माहीत असते, खरड छाटणीनंतर उन्हाळ्यात बागेत घड दिसत नाही पण पुढच्या हंगामाचा घड तेव्हाच काडीच्या डोळ्यात तयार होत असतो. पावसाळ्यात डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीरोगाचे लेख लोक शोधायला लागले, हळूहळू जाहिरातींचे दहा डॉलर जमले आणि तिथून खरं सुरू झालं.

दहा डॉलर झाले की सहा आकडी पिन घरच्या पत्त्यावर पोस्टाने येतो. साधं टपाल, रजिस्टर नाही, त्यामुळे ट्रॅकिंग नंबर नाही. तीन-चार आठवडे लागू शकतात हे मान्य, पण तेवढे उलटून गेले तरी काही नाही. पहिल्या पिनपासून चार महिन्यांत पडताळणी झाली नाही तर जाहिराती बंद होतात, आणि ती तारीख रोज डोळ्यासमोर नाचायची. पोस्टात गेलो. श्रावण होता, काउंटरमागे राख्यांच्या पाकिटांची पोती, आणि काउंटरवरचे साहेब मान वर न करता एकच विचारतात, "रजिस्टर नंबर सांगा." नंबर नाही म्हटलं की "मग आम्ही कसं शोधणार?" परत गेलो, परत तेच. अहो, साध्या टपालाला नंबर नसतोच, हे मी त्यांना सांगायचं का? एकदा तर म्हणाले, अमेरिकेहून असलं पत्र येतंच कशाला. पिन पुन्हा मागवला, परत वाट. आमच्या भागात एकाच नावाची दोन-दोन नगरं आहेत, पिनकोड तोच 422003, रो हाऊसचे नंबरही तेच, त्यामुळे पत्र भलतीकडे जात असणार असा संशय होता पण ऐकणार कोण! राग इतका आला होता की ब्लॉगच बंद करावा असं वाटायचं.

शेवटी आईने सांगितलं, "अरे, काउंटरवर काय विचारतोस, पोस्टमनलाच गाठ ना." सकाळी लवकर गेलो, तेव्हा पोस्टमन मंडळी आपापल्या बीटचं, म्हणजे वाटपाच्या भागाचं, टपाल लावत असतात. आमच्या बीटचे काका शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "पत्त्यात मोबाईल नंबर आणि जवळची खूण टाका, परत मागवा, मी लक्ष ठेवतो." तसंच केलं. गोडी छाटणीची (फळांसाठी पावसाळ्यानंतर करायच्या छाटणीची) गडबड चालू असताना बागेत फोन आला, "दादा, तुमचं परदेशी पत्र आलंय, घरी आहे का कुणी?" छोटंसं पांढरं पत्र, कडा फाडायच्या, आत सहा आकडे. हात पेस्टिंगने (डोळे फुटावेत म्हणून काडीला लावायच्या औषधाने) बरबटलेले होते म्हणून ते घरी जाऊन, आंघोळ करून मगच उघडलं. आकडे टाकताना सावकाश टाका, चुकीचा पिन टाकायची मुभा फक्त तीनदा आहे. हिरवी खूण दिसली तेव्हा मला खरंच भरून आलं.

पिन एकूण तीनदा परत मागवता येतो आणि तरीही आला नाही तर ओळखपत्र अपलोड करायचा पर्याय मिळतो, त्यामुळे तारखेची धास्ती घेऊ नका. मी मात्र त्या काळात एक बरं केलं, अॅडसेन्सचा डॅशबोर्ड उघडणं बंद केलं आणि गोडी छाटणी, फेलफूट (घड नसलेली फूट) काढणं, विरळणी यावरचे लेख आधीच लिहून ठेवले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेतकरी नेमकं हेच शोधत होते. लेख हंगामाच्या महिनाभर आधी टाकलेला असावा, छाटणी सुरू झाल्यावर टाकून उपयोग नाही. हां, आणि जुनं लिखाण श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये (गुगलला वाचता येणाऱ्या मराठी टायपिंगमध्ये) करून घ्या, नाहीतर सर्चमध्ये सापडणारच नाही.

पैसे शंभर डॉलर झाल्यावर, पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेदरम्यान निघतात. त्यासाठी बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे यायला लागणारा कोड) लागतो, तो प्रत्येक शाखेला नसतो, तेव्हा आपल्या शाखेत विचारून मोठ्या शाखेचा घ्या आणि हे काम पत्राची वाट बघतानाच उरका. पोस्टात जायचं तर सकाळी टपाल लावायच्या वेळेलाच जा, नंतर पोस्टमन बीटवर निघून जातात आणि काउंटरवर परत तोच रजिस्टर नंबर मागतील.