दगडफूल आणि हवेची साक्ष

दगडफुलाला आपण सहजपणे वनस्पती म्हणतो, परंतु ते एका जिवाचे शरीरच नव्हे. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडले, तेव्हा दगडफुलांच्या बहुतेक अभ्यासकांनी ही कल्पना उडवून लावली. या विरोधकांत विल्यम नायलँडर आघाडीवर होते. गंमत अशी की, दगडफुलाचा माणसाला होणारा सर्वांत मोठा उपयोग याच नायलँडर यांनी १८६६ मध्ये टिपला होता: पॅरिसमधील लक्झेंबर्ग उद्यानात भरपूर आढळणारी दगडफुले शहराच्या इतर भागांत मात्र दुर्मीळ होती, आणि त्यावरून हवेच्या शुद्धतेचा अंदाज बांधता येतो, हे त्यांच्या लक्षात आले.

याचे कारण दगडफुलाच्या घडणीत आहे. त्याला मुळे नसतात आणि पानांवर असते तसे मेणचट आवरणही नसते. पाऊस, धुके आणि धूळ यांतून पाणी व क्षार ते सर्वांगाने शोषून घेते, त्यामुळे नको असलेले पदार्थ बाहेर थोपवण्याची सोय त्याच्याजवळ जवळजवळ नाहीच. कोळशाच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड आतल्या शैवालातील हरितद्रव्याची हानी करतो आणि नाजूक जाती प्रथम नाहीशा होतात. हा धूर कमी झाल्यावर युरोपातील अनेक शहरांत त्या परतल्या. प्रदूषण मोजणारी उपकरणे आज सर्वत्र आहेत, तरीही एका क्षणाची नव्हे तर कित्येक वर्षांची हवा सांगणारा असा साक्षीदार मला अधिक मोलाचा वाटतो.

याच गुणाची दुसरी बाजू १९८६ मधील चेर्नोबिल दुर्घटनेनंतर दिसली. पावसाबरोबर स्कँडिनेव्हियात उतरलेले किरणोत्सर्गी सीझियम दगडफुलांत साठले, हिवाळ्यात मुख्यतः त्यांवर जगणाऱ्या रेनडियरच्या शरीरात गेले आणि तिथल्या सामी या मूळनिवासी जमातीच्या पशुपालकांना मोठ्या प्रमाणावर मांस टाकून द्यावे लागले.

२००५ मध्ये दगडफुले अवकाशाच्या निर्वात पोकळीत सुमारे दोन आठवडे उघडी ठेवूनही जिवंत राहिली, याचा फार गाजावाजा होतो. मला त्यांची संथ वाढ अधिक विलक्षण वाटते. खडकावर नकाशासारखी पसरणारी एक जात वर्षाला सहसा एक मिलिमीटरही वाढत नाही, म्हणून तिच्या ठिपक्याच्या व्यासावरून हिमनदीने मागे सोडलेले दगड केव्हा उघडे पडले याचा अंदाज भूवैज्ञानिक बांधतात. मात्र याच संथपणामुळे, आगीत जळालेली रेनडियरची चराऊ दगडफुले पूर्ववत व्हायला कित्येक दशके लागतात.