दोनदा पडलेली घडी

गेल्या श्रावणात वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचं पाणी चढलं आणि कॉलेजला सुट्टी जाहीर झाली. मी तरीही गेले. उंदरांना दाणापाणी घालणारा मुलगा नदीपलीकडे राहतो, तो पोचेल याची खात्री नव्हती. दांडिया बाजारातून आमच्या डिपार्टमेंटपर्यंत रस्ता मोकळा होता. पिंजरे बघून झाले, चहा ठेवला आणि सोमवारपर्यंत तपासून द्यायचा एक संशोधन-पेपर उघडला.

मी ॲनाटॉमी शिकवते. मेंदू आणि मज्जासंस्थेवरच्या एका जर्नलसाठी गेली नऊ वर्षं रिव्ह्यू करते. या कामाचे पैसे मिळत नाहीत, नाव कुठे छापून येत नाही. पेपर कुणाचा ते आम्हाला कळत नाही, तपासणारे कोण ते लेखकांना कळत नाही. संपादक दोघा-तिघांकडे पेपर पाठवतात, आणि आमचं मत वाचून छापायचा की परत करायचा ते ठरवतात.

पेपरमधला दावा असा होता: उंदरांना रोज काही तास ताणाखाली ठेवलं की हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी मरतात, आणि एका वनस्पतीचा अर्क दिला की त्या वाचतात. हिप्पोकॅम्पस म्हणजे नवीन आठवण पक्की करणारा मेंदूचा भाग. उघडून पाहिला तर समुद्रघोड्यासारखा दिसतो, म्हणून ते नाव. लिहिलं छान होतं, तक्ते नेटके होते. किरकोळ दुरुस्त्या सुचवून पेपर पुढे पाठवावा, असं जवळजवळ ठरलंच होतं.

तिसऱ्या आकृतीपाशी थांबले. क्रेसिल व्हायोलेट या रंगाने रंगवलेल्या सेक्शनचे, म्हणजे मेंदूच्या पातळ चकत्यांचे, सहा फोटो, जांभळ्या पेशींची वळणदार रांग. दुसऱ्या फोटोत डावीकडे वरपासून खालपर्यंत एक बारीक सरळ रेघ होती. ब्लेडला खाच पडली की अशी रेघ उमटते. रेघेशेजारी सेक्शनला घडी पडलेली, क्रोशाच्या सुईच्या टोकासारखी वळलेली. पाचव्या फोटोतही रेघ होती, पण उजवीकडे. दुसरा फोटो ताण दिलेल्या उंदराचा, पाचवा अर्क दिलेल्या उंदराचा. पाचवा मी स्क्रीनवर अर्धा गोल फिरवला. रेघ डावीकडे आली, आणि शेजारी तीच घडी.

छातीत धस्स झालं. पण घाई करायची नव्हती. माझं चुकत असेल तर एका अनोळखी माणसाच्या चार-पाच वर्षांच्या कामावर डाग लागणार होता.

आमच्या विभागात तीस वर्षं सेक्शन कापणारे एक काका होते. पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले, मांडवीजवळ राहतात. मी एम.डी. करत असताना मायक्रोटोमवर, म्हणजे सेक्शन कापायच्या यंत्रावर, हात त्यांनीच बसवून दिला. मेणात बसवलेल्या मेंदूच्या ब्लॉकमधून सहा-सात मायक्रॉनच्या, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक, चकत्या निघतात, एकमेकींना चिकटून त्यांची रिबन होते. ती कोमट पाण्यावर अलगद सोडायची, सुरकुत्या गेल्या की अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या काचेवर उचलायची. पाणी जास्त तापलं तर मेण पसरतं आणि ऊती फाटते, थंड राहिलं तर घड्या जात नाहीत. पाण्यात बोटाचं टोक बुडवून काका तापमान सांगायचे.

त्यांना पेपर दाखवता येत नव्हता. रिव्ह्यूला आलेला पेपर संपादकांना विचारल्याशिवाय कुणालाही दाखवायचा नाही, त्याबद्दल बोलायचंही नाही. म्हणून फोनवर फक्त कापण्याबद्दल विचारलं.

"काका, घरात पाणी नाही ना शिरलं?"

"नाही मॅडम, ओट्याच्या एक पायरी खाली आहे. बोला."

"दोन वेगळ्या मेंदूंच्या सेक्शनवर रेघ एकाच जागी येईल का?"

"येईल की! ब्लेड तेच, खाच तीच. ब्लेड सरकवलं नाही तर दिवसभर त्याच जागी रेघ येणार. उलट्या काचेवर उलटी दिसेल."

मी गप्प झाले. रेघेच्या जोरावर मी जवळजवळ निकाल देऊन बसले होते.

"आणि घडी?"

"घडी?" ते थोडा वेळ बोलले नाहीत. "घडी पाण्यावर पडते, मॅडम. एकाच मेंदूच्या पाठोपाठच्या दोन सेक्शनला तरी सारखी घडी पडते का? मी नाही पाहिली."

पुन्हा फोटो उघडले. कॉन्ट्रास्ट वाढवला. घडीखाली रंगाचे तीन कण साचले होते, दोन जवळजवळ, एक लांब. फिरवलेल्या पाचव्या फोटोत तेच तीन, त्याच अंतरावर. आता शंका उरली नाही: फोटो एकच होता.

मग सगळा पेपर नव्याने वाचला, आणि आधी डोळ्यांखालून गेलेली दुसरी गोष्ट दिसली. प्रत्येक गटात उंदीर 6, प्रत्येक मेंदूचे सेक्शन 10, आणि आकडेमोडीत संख्या धरलेली 60. एकाच घराचं दार दहा वेळा वाजवून दहा घरांची पाहणी केली म्हणता येत नाही. उंदीर 6 तर संख्या 6. साठ धरले की किरकोळ फरकही पक्का वाटायला लागतो. आमच्या क्षेत्रात ही चूक इतकी पाहिली आहे की हल्ली पेपर हातात आला की आधी प्राणी मोजायचे, मग सेक्शन, असं ठरवलं आहे. त्या दिवशी मीच ते विसरले होते.

पहिलं टिपण मी रागात लिहिलं. त्या रागाला कारण होतं. पीएच.डी.च्या वेळी एका छापलेल्या पेपरमधला निकाल पुन्हा मिळवण्यात माझे चौदा महिने गेले. तो कधीच मिळाला नाही. गाईड म्हणायचे तुझंच तंत्र कच्चं आहे, आणि मी ते खरं मानून रात्र रात्र रडले. एकट्या माझीच ही गोष्ट असती तर सोडून दिली असती. 2016 मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी 20,621 पेपरमधली चित्रं डोळ्यांनी तपासली, तेव्हा 3.8 टक्क्यांमध्ये गोंधळ सापडला. 'नेचर' या जर्नलमधला अल्झायमरवरचा 2006 चा गाजलेला पेपर चित्रांमधल्या फेरफारामुळे 2024 मध्ये मागे घेतला गेला. अठरा वर्षं! त्या काळात त्या पेपरच्या आधाराने कुणाकुणाची उमेदीची वर्षं गेली असतील, हा विचार मला अजून छळतो.

तरी ते टिपण पुसलं. फोटो दोनदा लागण्यामागे लबाडी असते, तशी फाइल निवडतानाची चूकही असते, आणि दोन्हींतला फरक मला इथे बसून कळणार नव्हता. संपादकांसाठीच्या खासगी चौकटीत दोन्ही फोटोंच्या खुणा, फिरवलेला कोन, घडी आणि तीन कण लिहिले; मूळ फोटो मागवावेत अशी विनंती केली. लेखकांसाठी लिहिलं की आकडेमोड उंदीरवार करा, आणि गट माहीत नसलेल्या माणसाकडून पेशी पुन्हा मोजून घ्या. हेतूबद्दल एक शब्द लिहिला नाही. संध्याकाळचे सात वाजले होते. ओसरलेल्या पाण्याचा चिखल तुडवत घरी गेले.

दोन महिन्यांनी सुधारलेला पेपर आला. लेखकांनी मूळ फोटो पाठवले होते आणि फोल्डरमध्ये चुकीची फाइल गेल्याचं मान्य केलं होतं. ठेवलेल्या ब्लॉकमधून नवे सेक्शन कापून मोजणी पुन्हा केली होती. हिप्पोकॅम्पसच्या ज्या दोन भागांत पेशी मोजल्या होत्या, त्यांपैकी एका भागात अर्काचा परिणाम उरलाच नाही. दुसऱ्यात उरला, पण आधीपेक्षा खूप कमी. शीर्षकही त्यांनी बदललं. आता पेपर खरा होता, आणि मी मनापासून 'छापा' म्हणून कळवलं.

दिवाळीत काकांकडे फराळाचा डबा घेऊन गेले. त्यांनी आपणहून विचारलं, "ती घडी कुणाची होती, मॅडम?"

"सांगता येत नाही, काका."

"नका सांगू," ते म्हणाले. "फक्त ज्याचं कुणाचं असेल त्याला ब्लेड बदलायला सांगा."

ते मी पहिल्याच रिव्ह्यूत लिहिलं होतं, शेवटच्या ओळीत.